पंडिता रमाबाई : संकटात न सुटलेला विश्वास

आपल्या आजी-पणजीकडून आपण सर्वांनी एक गोष्ट ऐकली आहे. समुद्रापलीकडच्या बेटावर दगड उलटला की खाली सोने सापडते, असे दलालाने सांगितले आणि आपले पूर्वज मुंबई बंदरात जहाजावर चढले. पोर्ट लुईला उतरल्यावर घाटाच्या पायऱ्या चढून ते डेपोत गेले. तिथून पाच वर्षांच्या करारावर त्यांची ऊसमळ्यांवर रवानगी झाली. पुढे दगड खरोखरच उलटावे लागले, पण ते उसासाठी जमीन मोकळी करायला. सोने कुठेच निघाले नाही.

म्हणून कोणाच्या वचनावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. आगमनाच्या या स्मरणिकेत आम्ही अशा एका मराठी बाईचे चरित्र देत आहोत, जिने हाच प्रश्न जन्मभर स्वतःला विचारला. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. आपली माणसे कोकणातून आणि घाटावरून या बेटाकडे निघत होती त्याच काळात, १८५८ साली, त्यांचा जन्म झाला. त्या मॉरिशसला कधी आल्या नाहीत. पण ज्या दुष्काळाने, कर्जाने आणि अनाथपणाने आपल्या घरांतील माणसांना देश सोडायला लावला, ते सारे त्यांनी तिकडे राहून सोसले.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी भाद्रपदात गणपती बसतो. काही घरांतून बायबल वाचले जाते. रमाबाईंनी हिंदू धर्म सोडून ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. ती गोष्ट आम्ही लपवणार नाही. तरीही हे चरित्र दोन्ही घरांनी वाचावे असे आम्हाला वाटते.

जंगलातले घर, डोक्यावरचा प्रवास

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. बायकांनी संस्कृत शिकू नये असा त्या काळचा दंडक होता. अनंतशास्त्र्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. लोकांनी विरोध केला, तेव्हा त्यांनी पश्चिम घाटात गंगामूळ येथे रानात घर बांधले. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

मूल सहा महिन्यांचे झाले आणि घर सुटले. कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते कायमचे. लहानग्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून डोक्यावरून नेले गेले. देवळात किंवा नदीकाठी बसून पुराण सांगायचे, लोक देतील त्या दक्षिणेवर दिवस काढायचे आणि पुढच्या क्षेत्राला निघायचे, असा त्यांचा क्रम होता. आईने वाटेतच मुलीला शिकवले. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना तरुणपणीच तोंडपाठ होते.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला माणसे येईनात, कारण त्यांच्याच घरी खायला काही नव्हते. जवळ होते नव्हते ते पैसे कुटुंबाने देवासाठी आणि दानधर्मात खर्च केले. शास्त्रात सांगितले आहे तसे केले की देव प्रसन्न होऊन संकट टाळील, अशी त्यांची श्रद्धा होती. उपास, जप, प्रदक्षिणा सगळे झाले. पैसे संपले, भांडी गेली, शेवटी रानातला पाला खाऊन दिवस काढावे लागले. थोरला भाऊ श्रीनिवास यांनी ठरवले की आता जातीचा अभिमान सोडून मोलमजुरी करायची. विद्वानाचा मुलगा मजूर व्हायला निघाला. आपल्या घराण्यांतूनही अशा दिवशी कोणीतरी असाच निर्णय घेतला असेल.

१८७४ मध्ये वडील गेले. थोड्याच दिवसांत आई गेली. आईला स्मशानात न्यायला पुरेसे खांदेकरी मिळेनात. दोघे जण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ झाला आणि चौथ्या रमाबाई. त्या अंगाने ठेंगण्या होत्या आणि खांद्याची उंची जुळेना, म्हणून तिरडीचा तो कोपरा त्यांनी डोक्यावर घेतला. तशीच त्यांनी आईला तीन मैल नेली. पुढे थोरली बहीणही वारली.

मग राहिले भाऊ आणि बहीण. दोघे चार हजार मैलांहून अधिक पायी फिरले. उत्तरेत झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हते. तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे खणले, त्यात निजले आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. या वाटेवर रमाबाईंची जुनी श्रद्धा गळून पडली. आईवडिलांनी सारे काही विधिपूर्वक केले होते आणि तरी ते उपाशी मेले, हे त्यांना विसरता येईना.

हे लक्षात ठेवून पुढचे चरित्र वाचावे. ज्या बाईने पुढे देवाच्या वचनावर दोन हजार माणसांचे घर उभे केले, तिने आधी विश्वास तुटताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. सहज पटणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

कीर्ती आणि वैधव्य

१८७८ मध्ये बहीणभाऊ कलकत्त्याला पोचले. वीस वर्षांच्या मुलीचे संस्कृतवरचे प्रभुत्व पाहून तिथले पंडित थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. आसामात सिल्चरला त्यांचा संसार सुरू झाला आणि १८८१ मध्ये मनोरमा ही मुलगी झाली. पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. येशूची गोष्ट त्यांनी पहिल्यांदा मन लावून वाचली ती तिथे.

४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पती गेले. चोवीस वर्षे पुरी होण्याआधी रमाबाई विधवा झाल्या, आणि मांडीवर दहा महिन्यांची मुलगी.

त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज काढला. सरकारच्या शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना बायकांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात, असे त्यांनी आग्रहाने मांडले. स्वतः डॉक्टर व्हावे म्हणून १८८३ मध्ये मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. तिथे दोन घाव बसले. बरोबर गेलेल्या मैत्रिणीचा परदेशातच दुर्दैवी अंत झाला. आणि स्वतःचे कान मंद होत चालल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाची आशा सोडावी लागली.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथील मठात त्यांनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. पतित मानल्या गेलेल्या बायकांना त्या मठातील भगिनी जवळ करतात, त्यांना शिकवून पुन्हा उभे करतात, हे पाहून त्यांचे मन वळले होते. तरी बाप्तिस्म्यानंतर त्या मुकाट्याने मान डोलावत बसल्या नाहीत. धर्मगुरूंनी आणि भगिनींनी सांगितलेले प्रत्येक तत्त्व त्यांनी पारखून पाहिले, पत्रांतून वाद घातले. पुढे त्यांनी स्वतःच कबूल केले की त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला आणखी आठ वर्षे लागली.

शारदा सदन आणि १८९३ चे वादळ

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या डॉक्टरकीच्या पदवीदान समारंभाचे. तिथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली. बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे मदत करण्याचे तिने मान्य केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू झाले. अगदी पहिल्या विद्यार्थिनींत देवरुखची बालविधवा गोदूबाई होती. आपल्यातील अनेकांचे मूळ रत्नागिरीकडचे असल्याने हे नाव मुद्दाम सांगतो. याच गोदूबाईंशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला आणि पुढे कर्व्यांनी हिंगण्याला स्त्रीशिक्षणाचे मोठे कार्य केले. शारदा सदनातून गेलेली प्रत्येक मुलगी ख्रिस्ती झाली, असे मुळीच नाही.

सदन पुण्यास गेले आणि वादळ उठले. शाळेत धर्म शिकवायचा नाही असे ठरले होते. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करीत, तेव्हा त्यांच्या खोलीचे दार उघडे असे. मुली येऊन बसत आणि त्या कोणाला हाकलून देत नसत. काही मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झाला. केसरीने कडक टीका केली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

दोन्ही बाजूंना काय वाटले असेल, हे आम्ही समजू शकतो. मुलीवर विश्वास टाकून ती दुसऱ्याच्या हाती दिलेल्या पालकांना फसवणूक झाल्यासारखे वाटले. रमाबाईंना वाटले की स्वतःच्या खोलीत प्रार्थना करण्याचे स्वातंत्र्य सोडले तर उरते काय. या वादाचा निकाल आम्ही लावत नाही. रिकाम्या झालेल्या शाळेत त्या राहिल्या आणि काम चालू ठेवले, एवढे मात्र खरे.

केडगावचे माळरान

याच सुमारास त्यांनी इंग्लंडमधील जॉर्ज म्युलर यांचे चरित्र वाचले. कोणाकडे पैसे न मागता, केवळ प्रार्थनेच्या बळावर म्युलर यांनी हजारो अनाथ मुले सांभाळली होती. रमाबाईंच्या मनाने ते घेतले. बायबलमध्ये देव स्वतःला पोरक्यांचा बाप आणि विधवांचा कैवारी म्हणवतो. ते वचन खरे असेल तर ते पुण्याजवळही खरे असले पाहिजे, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

पण त्या नुसत्या हात जोडून बसल्या नाहीत. अमेरिकेची मदत दहा वर्षांचीच आहे हे ओळखून त्यांनी पुण्याच्या पूर्वेला रेल्वेमार्गावर केडगाव येथे सुमारे शंभर एकर माळरान घेतले. विहिरी खणल्या, फळझाडे लावली. फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे असा विचार होता.

झाडे मोठी व्हायच्या आधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे मरत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंच्या गाठीला जादा पैसे नव्हते, आणि असोसिएशनची मदत ठरावीक मुलींपुरतीच होती. तरी बातम्या वाचताना त्यांना आईची तिरडी आठवली, रानातला पाला आठवला. त्या निघाल्या.

दुष्काळी छावण्यांत त्यांनी जे पाहिले ते भूकेहूनही वाईट होते. पोरक्या मुलींभोवती दलाल घिरट्या घालत होते. गोड बोलून, भाकरी दाखवून ते मुलींना घेऊन जात. पुढे त्या मुलींचे काय होई हे रमाबाईंना ठाऊक होते. भुकेल्या माणसाला खोटे वचन देणारा दलाल आपल्याही चांगल्या ओळखीचा आहे. फरक इतकाच की त्या वर्षी त्या मुलींसाठी त्याच छावणीत एक खरे वचन पाळणारी बाई येऊन उभी राहिली.

वर्ष संपेपर्यंत सुमारे तीनशे बायका व मुली तिच्याजवळ जमल्या. त्यातच पुण्यात प्लेग आला आणि शहरात नवी माणसे आणायला मनाई झाली. या सगळ्यांना केडगावच्या उघड्या माळावर, तंबूत आणि गवताच्या छपराखाली ठेवावे लागले. त्या वस्तीचे नाव पडले मुक्ती.

तीन वर्षांनी, १९०० मध्ये, गुजरातेत आणखी मोठा दुष्काळ पडला. आधीच्या दुष्काळात वाचलेल्या मुलीच आता मदतीला गेल्या. काल जिला कोणी उचलून आणले होते, ती आज दुसरीला उचलून आणू लागली. मुक्तीत राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. पावसाने दगा दिला असताना, दर संध्याकाळी तळ गाठणाऱ्या विहिरींत सकाळी पुन्हा दिवसापुरते पाणी येत असे, असे त्यांच्या जुन्या चरित्रांत सांगितले आहे. ज्याला त्यात चमत्कार दिसेल त्याने तो पाहावा. आम्हाला मोठे वाटते ते हे, की पाणी दिवसापुरतेच होते हे ठाऊक असूनही रमाबाईंनी फाटक बंद केले नाही.

रोजचे काम

मुक्तीत फक्त प्रार्थनाच होत होती असे कोणी समजू नये. सकाळपासून जाती फिरत, हातमागांचा आवाज येई, शेतात नांगर चाले. गाई-म्हशी होत्या, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. मुली खिळे जुळवीत, यंत्र चालवीत, पुस्तके बांधीत. आंधळ्या बायकांना ब्रेल लिपी शिकवली जाई, टोपल्या विणायला शिकवले जाई. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन होते, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन. रमाबाई पहाटे उठून सगळीकडे फिरत. प्लेगच्या काळात सरकारी इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात उघड तक्रार केली आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. देवावर भार टाकला म्हणजे माणसांना जाब विचारायचा नाही, असे त्यांनी कधी मानले नाही.

आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे त्यांनी आणखी एका कामाला दिली. बायबलचे प्रचलित मराठी भाषांतर खेड्यातल्या बाईला समजत नाही, असे त्यांचे मत होते. संस्कृतच्या या पंडितेने संस्कृतप्रचुर शब्द दूर ठेवून, दळताना-कांडताना बोलली जाते त्या मराठीत सगळे बायबल उतरवायला घेतले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाईही मुक्तीतल्या बायकांनीच केली.

शेवटचा घाव

मनोरमा मोठी झाली होती. परदेशात शिकून ती परत आली, आईच्या कानांचे आणि हातांचे काम करू लागली. आपल्यामागे मुक्ती तिने सांभाळावी अशी आईची इच्छा होती. पण २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, मनोरमाबाई वारल्या.

वडील, आई, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक लेक. देवाने आपले वचन मोडले असे म्हणायला या बाईइतके कारण क्वचितच कोणाला असेल. तरुणपणी अशाच मृत्यूंनी त्यांची श्रद्धा नाहीशी झाली होती. या वेळी तसे झाले नाही. त्या पुन्हा भाषांतराच्या मुद्रितांकडे वळल्या. शिल्लक पाने तपासली, मुक्तीची पुढची व्यवस्था लावली आणि नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, देह ठेवला. छापून पूर्ण झालेले बायबल १९२४ मध्ये बाहेर आले.

तरुणपणच्या आणि म्हातारपणच्या विश्वासात काय फरक पडला, याचा आम्ही विचार केला. आईवडिलांच्या वेळी विश्वास म्हणजे जणू सौदा होता. आपण इतके उपास केले, इतके दान दिले, तर देवाने संकट टाळावे. संकट टळले नाही आणि सौदा मोडला. पुढे रमाबाईंना बायबलमध्ये जे वचन भेटले त्यात संकट येणार नाही असे कुठेच म्हटलेले नव्हते. संकटात तू एकटी राहणार नाहीस, एवढेच त्यात होते. ते त्यांना पुरले. आणि एकटे न सोडण्याचे ते वचन आपल्या हातांनी दुसऱ्यापर्यंत पोचवायचे असते, हे त्यांना केडगावच्या माळावर उमगले.

आपल्यासाठी

केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे. १९८९ मध्ये भारत सरकारने रमाबाईंच्या नावाने टपाल तिकीट काढले. पण स्मरणिका वाचून मिटताना आपण तिकिटापेक्षा ते उघडे फाटक आठवावे, असे आम्हाला वाटते.

आपले पूर्वज फसवले गेले, तरी त्यांनी विश्वास टाकून दिला नाही. मातीचा गणपती करून, झाकरी नाचून, वस्तीत कोणाच्या घरी चूल पेटली नाही तर आपल्यातले धान्य देऊन त्यांनी तो जपला. त्यांचा देव आणि रमाबाईंचा देव यांची नावे वेगळी होती. पण भुकेच्या दिवशी शेजारच्याला एकटे सोडायचे नाही, हे दोन्हीकडे सारखेच होते.

आज या बेटावर दुसऱ्या देशांतून नवे मजूर करारावर येतात. त्यांनाही कोणीतरी काहीतरी सांगितलेले असते. बसथांब्यावर, बाजारात ते आपल्याला भेटतात. आगमनाचे स्मरण करणाऱ्या समाजाने त्यांच्याशी दोन शब्द बोलावे, सणाला एखाद्याला जेवायला बोलवावे, आणि त्याची कोणी फसवणूक करीत असेल तर गप्प बसू नये. दगडाखाली सोने आपल्या पूर्वजांना मिळाले नाही. पण ज्यांना कोणी दार उघडले त्यांची नातवंडे आज आपण आहोत, आणि आता दार आपल्या हातात आहे.